हाकेला ओ

मौनीकाका हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते सांगता येणार नाही, पण खुर्च्या पडल्या त्या संध्याकाळपासून ते पक्कं झालं एवढं खरं. चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी पाच-सहा डोकी शांत प्रार्थनेला बसायची. त्या दिवशी कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या लोखंडी खुर्च्यांची अख्खी चळत धाडकन कोसळली. बस चालवणारे गृहस्थ ओरडलेच, नर्सबाईंच्या हातातली जपमाळ खाली पडली, फादरसुद्धा दचकून उभे राहिले. आणि काका? काकांची पापणीही हलली नाही. भिंतीकडे तोंड, मांडीवर हात, चेहरा एकदम निवांत. वेळ संपल्यावर डोळे उघडले, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा, हे कधी झालं?"

झालं! फादरनी रविवारच्या प्रवचनात त्यांचा दाखला दिला. नाव घेतलं नाही, पण माना सगळ्या काकांच्याच बाकाकडे वळल्या. काकांनी मान खाली घातली, तेव्हा खरं सांगायचं तर मनातून ते चांगलेच सुखावले होते. जन्मभर कोणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं. छापखान्यात मशिनमन होते. शाईनं माखलेले हात, डब्यातली पोळी, आणि दिवसभर मोठ्या छपाईयंत्राचा तो धडधडाट. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे, बोलून उपयोगच नव्हता. ओठ बघून समजून घ्यायचं, हातानं खूण करायची. 'कागद संपला', 'थांब', 'चहा आला', सगळं ओठांवरून. अशा माणसाला निवृत्त झाल्यावर शांततेची भूक लागली तर नवल काय?

फादर म्हणायचे, देवाजवळ जायचा प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो, ज्याला जे जमेल ते त्यानं करावं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बायबलमधलं एखादंच वचन घ्यायच्या आणि आठवडाभर तेच हळूहळू वाचत राहायच्या, एखादा शब्द मनात रुतून बसेपर्यंत. बसवाल्यांचं सगळं श्वासावर. श्वास आत घेताना 'प्रभू', सोडताना 'दया कर'. लाल सिग्नल लागला की सगळी बस वैतागायची आणि हा एकटा माणूस खूष. नर्सबाई डोळे मिटून येशूच्या गोष्टीतल्या गर्दीत जाऊन उभ्या राहायच्या. पायाला धूळ लागलीय, ऊन लागतंय, आणि तो आपल्याकडे वळून काहीतरी बोलतोय, असं त्यांना अगदी समोर दिसायचं.

काकांना यातलं काहीच जमलं नाही. वाचायला घेतलं की छपाईतल्या चुकाच दिसायच्या. मग फादर म्हणाले, "तुम्ही नुसते बसा. काही मागू नका, काही बोलू नका. आवाज येतील, त्यांच्याशी भांडू नका. आले तसे जातील."

आणि गेले की! सुरुवातीला घरी आतल्या खोलीत दार लावून बसले की स्वयंपाकघरातली भांडी डोक्यात वाजायची. रस्त्यावरचे हॉर्न, खालच्या मजल्यावरचं शिलाई मशीन, सगळी पीडा. पुढे पुढे भांडी लांब गेली. मग हॉर्न गेले. एका सकाळी काकांच्या ध्यानात आलं की आता काहीच नाही, नुसती शांतता आहे, मऊ आणि भरलेली. आणि त्या शांततेत कोणीतरी हळूच शेजारी येऊन बसलंय. वळून बघायची हिंमत झाली नाही त्यांची. डोळ्यांतून पाणी आलं. यंत्रापाशी उभं राहून हाडं झिजवली, त्याचं हे फळ, असं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून ते त्या खोलीसाठीच जगू लागले.

आता काकूंचं ऐका. काकू गुरुवारी एकदाही फिरकल्या नाहीत. "मला नाही बाई गप्प बसवत," त्या म्हणायच्या. "तो गप्प, मीही गप्प, मग बोलायचं कोणी?" त्यांची प्रार्थना स्वयंपाकघरात चालायची आणि ती अख्ख्या इमारतीला ऐकू जायची. "अरे देवा, ऐकतोयस ना? दूध नासलं बघ. ते राहू दे, लेकीच्या नोकरीचं काय केलंस? परवापण सांगितलं होतं तुला. नुसता वर बसून राहू नकोस." भाजी चिरता चिरता देवाला असं फैलावर घ्यायचं आणि मग भाजी फोडणीला टाकताना, "बरं, रागावू नकोस," अशी समजूतही काढायची. खालच्या मजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या शिलाईवाल्या बाई हसून म्हणायच्या, "काकूंचं देवाशी सुरू झालं की मला कळतं, अकरा वाजले."

या काकूंनीच सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाहीये. कान दाखवून या."

"मला सगळं ऐकू येतं. मी लक्ष देत नाही."

"लग्न झाल्यापासून देत नाही, ते मला माहीत आहे. हे वेगळं आहे. पाठमोरे असलात की तुम्हाला काही कळत नाही."

काका हसले. बायको बोलताना तिच्या तोंडाकडे बघायची सवय त्यांना छापखान्यानं लावली होती, ती घरातही सुटली नव्हती. समोर असली की शब्द न् शब्द कळायचा. पाठमोरे असताना कळत नाही, कारण आपण आता आत वळलोय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. बायकोला यातलं काय कळणार, असंही ठरवलं. काय म्हणावं या माणसाला! कान गेले तर माणूस दवाखान्यात जातो, हे गृहस्थ देवाकडे वर वर चढत चालल्याच्या समजुतीत होते.

ती सकाळ रोजच्यासारखीच होती. चहा झाला, काका आतल्या खोलीत गेले, दार लावलं, भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी शांतता एवढी गाढ होती की बोलायची सोय नाही. शेजारी बसणारा इतका जवळ आला होता की हात लांबवला असता तर लागला असता. काका उठले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच वाटलं, हे हिला सांगावं. आजवर सांगितलं नाही, हसेल म्हणून, पण आज सांगावं. हसत हसतच त्यांनी दार उघडलं आणि पाय पाण्यात पडला.

स्वयंपाकघरातला नळ चालू होता. बादली भरून पाणी फरशीवरून दारापर्यंत आलं होतं. त्या पाण्यात काकू पडल्या होत्या, कुशीवर, एक हात दाराच्या दिशेनं.

हृदय बंद पडलं होतं. दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "झटक्यात गेल्या असतील. त्रास झाला नसेल." लोक असं म्हणतात, आणि ऐकणारा ते घट्ट धरून ठेवतो. काकांनीही धरलं. पुढच्या गुरुवारी ते खोलीत गेले आणि रडत रडत सांगून टाकलं, की ती गेली त्या वेळी प्रभू माझ्या अगदी शेजारी होता, इतका जवळ तो कधीच आला नव्हता. सगळ्यांचे डोळे भरून आले. फादर म्हणाले, "म्हणजे त्या घडीला तुम्ही दोघंही त्याच्याजवळ होतात." या एका वाक्यावर काकांनी ते पहिले आठवडे काढले. जेवले, झोपले, उठले, ते याच वाक्याच्या आधारावर.

मग लेक काही दिवस राहायला आली. पहिल्याच दिवशी भाजी घेऊन परतली आणि बंद दाराबाहेर घंटी वाजवून वाजवून थकली. शेवटी फोन केला, तर तोही बाबांच्या उशापाशी वाजत पडलेला. तिनं बाबांना धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या पेटीत बसवलं, कानाला डबडी लावली, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काका वाट बघत राहिले. मधूनच एखादं बटण दाबलं. बाहेर काचेपलीकडे लेकीचा चेहरा उतरत चाललेला त्यांना दिसत होता.

"मोठ्या आवाजात काम केलंय का कधी?" डॉक्टरनं विचारलं.

"जन्मभर."

"मग बरोबर. हे आजचं नाही, काका. बऱ्याच वर्षांपासून हळूहळू जात आलंय. समोरच्याचे ओठ वाचता तुम्ही, म्हणून कोणाला कळलं नाही. शांत खोलीत डोळे मिटून बसलात तर तुम्हाला जवळजवळ काहीच ऐकू येत नसणार."

लेकीला वाटलं बाबा ऐकू न आल्यामुळे गप्प बसलेत. कळलं होतं सगळं, डॉक्टरच्या ओठांवरून, अगदी स्वच्छ. खुर्च्यांची ती चळत काकांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती. जमीन हादरली असेल तेव्हा, पण छापखान्याची जमीन तर रोजच हादरायची.

कानात यंत्र बसलं. मग काय, सगळं घर अंगावर आलं! फ्रिज घरघरतोय, चपला फटफटतायत, स्वतःच्याच दातांखाली पोळी चावली जातेय त्याचाही आवाज. लेक हसली, म्हणाली, होईल सवय. ती परत गेली आणि काकांनी नेहमीसारखं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. भिंतीकडे तोंड करून बसले. नळ ठिबकत होता. खालच्या मजल्यावर शिलाई मशीन चालत होतं, मग थांबलं, आणि बाईंना खोकला आला. साधा खोकला. खालच्या मजल्यावरचा. दार बंद असताना, खिडकीतून, इतका स्पष्ट की जणू बाजूलाच बसल्यात.

काकांनी यंत्र काढून बाजूला ठेवलं. शांतता लगेच आली. तीच ती, मऊ. पण आता तिचं नाव माहीत झालं होतं, आणि शेजारी कोणी येऊन बसलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. आणि त्या रिकाम्या जागी एक प्रश्न येऊन बसला. खालचा खोकला इथे ऐकू येतो, तर भिंतीपलीकडून तिनं हाक मारली असेल तर?

गुरुवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "मी मौनी वगैरे काही नाही. मी बहिरा आहे. तुम्ही ज्याचं कौतुक केलंत, ते कान गेल्याचं होतं."

बसवाल्यांनी मान खाली घातली. फादर म्हणाले, "काका, देव बहिरेपणातूनही जवळ येऊ शकतो. तो कशाचाही उपयोग करून घेतो."

"मग त्या दिवशीही तो आला होता?"

"तुम्हीच सांगितलंत, इतका जवळ कधी नव्हता."

"त्याला तर ऐकू येतं ना, फादर?" काकांचा आवाज चढला. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकून ते क्षणभर थांबले, पण मग राहवलं नाही. "माझे कान गेले होते, त्याचे नव्हते. मला खेटून बसला होता ना? मग ती पलीकडे ओरडत असली तर त्यानं मला एक धक्का का नाही दिला? आणि तो नव्हताच म्हणालात, तर एवढी वर्षं मी त्या भिंतीसमोर कोणाबरोबर बसत होतो? सांगा ना. यातलं एक काहीतरी सांगा, मी तेवढं घेऊन घरी जातो."

"पण त्यांनी हाक मारली हे कशावरून?" शिक्षिका बाई हळूच म्हणाल्या. "डॉक्टर तर म्हणाले, झटक्यात गेल्या."

फादरनी नुसता काकांचा हात हातात घेतला. भला माणूस, खोटं बोलला नाही. पण बाईंचं ते एक वाक्य काकांनी उचललं. आता सगळं त्याच्यावरच येऊन टेकलं होतं. तिनं हाक मारली नसेल, झटक्यात गेली असेल, तर काही बिघडलं नाही. शांतता कानाची असो की देवाची, बायकोचं काही वाईट झालं नाही. पण मारली असेल तर?

नर्सबाईंना त्यांची दया आली. दुसऱ्या एका दुपारी त्यांनी काकांना स्वतःच्या पद्धतीनं बसवलं. रस्त्याकडेला बसलेल्या त्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट निवडली, जो येशूला हाका मारतो, लोक त्याला गप्प करतात, आणि येशू मात्र थांबतो. "तुम्ही त्या गर्दीत आहात," नर्सबाई म्हणाल्या. "बघा काय दिसतंय." काकांना रस्ता दिसला, धूळ दिसली, भिकारीही दिसला. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि आवाज येत नव्हता. सगळी गर्दी थांबली, येशू थांबला, काका एकटे पुढे चालत राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "राहू द्या, बाई." मग बसवाल्यांचा श्वासाचा जपही करून पाहिला. 'दया कर' म्हणताना जीभ अडायला लागली, कारण कोणासाठी दया मागायची तेच समजेना.

विचारायचं होतं ते खालच्या मजल्यावर. एवढं सोपं होतं. शिलाईवाल्या बाई दिवसभर घरातच असतात, त्या सकाळीही असणार. पण काका जिना उतरताना त्यांच्या दारापाशी पाय उचलून भराभर जायचे. आणि नवल म्हणजे, बाईसुद्धा काकांची चाहूल लागली की दार लोटून घ्यायच्या. पूर्वी येता-जाता हाक मारणारी बाई! काकांना दाराची कडी लागल्याचा आवाज आता ऐकू यायचा. यंत्राची कृपा. बरेच दिवस असे गेले, एकानं पळायचं आणि दुसऱ्यानं लपायचं.

शेवटी एका सकाळी काकांनी दार लागायच्या आतच उंबऱ्यात पाय ठेवला. बाईंच्या गळ्यात टेप होती, समोर मशीनवर अर्धवट शिवलेला फ्रॉक.

"त्या दिवशी तुम्ही घरी होतात?"

 बाईंनी नुसतं स्टूल पुढे सरकवलं. काका बसले नाहीत.

"तिनं हाक मारली होती का? तेवढं सांगा."

बाईंनी फ्रॉक मांडीवर ओढून घेतला आणि रडायलाच लागल्या. "काका, मला वाटलं रोजचंच चाललंय. देवाच्या शपथेवर सांगते. त्या रोजच बोलायच्या ना देवाशी, भांडायच्या, ओरडायच्यासुद्धा. मी म्हटलं, आज काकू जरा जास्तच तापल्यात. हसलेसुद्धा मी. मशीन चालूच ठेवलं मी."

"काय म्हणत होती?"

"नका विचारू."

"बाई, मला ऐकू येत नव्हतं. तुम्हाला येत होतं. काय म्हणत होती?"

"आधी 'अहो' म्हणत होत्या. 'अहो, अहो' असं. मग 'देवा' म्हणायला लागल्या. बराच वेळ 'देवा'. मग आवाज बारीक झाला, आणि परत 'अहो'. मग थांबल्या. मला वाटलं, झाली प्रार्थना." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी वर आले असते, काका. एकदा जरी माझं नाव घेतलं असतं तरी आले असते."

काका म्हणाले, "तुमची काही चूक नाही." हे त्यांनी मनापासून म्हटलं. मग जिना चढून वर आले.

झटक्यात गेली नव्हती. नवऱ्याला ऐकू येत नाही हे सगळ्या जगात तिलाच आधी ठाऊक होतं, आणि तरी तिनं पहिली हाक त्यालाच मारली. तो येईना, म्हणून देवाला मारली. देवही येईना, तेव्हा पुन्हा याच्याकडे वळली. दोघांपैकी कोणीच उठलं नाही. दोघं पलीकडच्या खोलीत शेजारी शेजारी बसून होते म्हणे. कसली जवळीक ही! काकांना आयुष्यात पहिल्यांदा देवाची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

ते स्वयंपाकघरात गेले. ती पडली होती त्या जागी, फरशीवर, भिंतीला हात टेकत टेकत खाली बसले. मग कुशीवर झाले, तिच्यासारखे. तिथून आतल्या खोलीचं दार दिसत होतं. किती जवळ! एवढं जवळ असेल असं वाटलं नव्हतं. दाराचा खालचा रंग उडालाय, बिजागरी गंजलीय, सगळं दिसत होतं. तिला शेवटी हेच दिसलं असणार, हे बंद दार. लोक त्या दाराआडच्या माणसाला मौनी म्हणत होते.

"अरे देवा," काका म्हणाले, तिच्यासारखंच, मोठ्यानं. पुढे काय म्हणायचं ते सुचेना. भांडायलासुद्धा समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं, ते बळ तिच्याकडे होतं. फ्रिज घरघरत राहिला.

खालचं मशीन थांबलं. जिन्यात धावत येणारी पावलं वाजली, आणि बाहेरच्या दारावर थापा पडायला लागल्या. "काका! काय झालं, काका? दार उघडा!" या वेळी बाई आल्या होत्या. एकेक थाप काकांना स्वच्छ ऐकू येत होती.

ते उठले नाहीत. आतल्या खोलीच्या त्या बंद दाराकडे बघत, इतके दिवस म्हणायचं राहून गेलेलं त्यांनी एकदाचं म्हटलं.

"ओ," ते म्हणाले. "आलो गं."